लोहपंखाचा आवाज

दिनांक ७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार, सकाळचे साडेअकरा. चित्रगृहात खुर्च्या तीनशे बारा, प्रेक्षक एकोणसाठ. दिवे मालवण्यापूर्वी कानमास्तरांनी ही मोजणी दोनदा केली. पहिल्या खेपेस ते स्वतःला धरायला विसरले होते. एकोणसाठांत पांढऱ्या केसांचे ते एकटेच. बाकी सगळी कॉलेजातली पोरे, त्यांतल्या निम्म्यांच्या सदऱ्यांवर पोलादी पंख छापलेले.

कानमास्तर हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षे एकच काम केले. तयार पंप बाकावर चालू करायचा, हातभर लांबीच्या पोलादी सळईचे एक टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवायचे, दुसरे कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटून ऐकायचे. आत सगळे ठीक असेल तर सळईतून गुळगुळीत, एकसुरी घूं येई. बेअरिंगमधल्या एखाद्या गोळीला केसाएवढी चीर असली, तर त्या घूंमध्ये बारीक खरखर मिसळे. घूं आली की पंपावर खडूने बरोबरची खूण, खरखर आली की फुली. पुढे कारखान्यात महागडी यंत्रे आली, पडद्यांवर आलेख उमटू लागले. पण यंत्र आणि मास्तर यांचे जुळले नाही, तर साहेब मास्तरांच्याच बाजूने कौल देत. फुली मारलेला पंप मास्तरांनी कधी परत ऐकला नाही. तशी वेळच आली नाही.

लोहपंखाशी त्यांची ओळख कारखान्याच्याही आधीची. बाराव्या वर्षी त्याच्या चित्रकथेचा पहिला अंक हाती पडला, आणि मालिका बंद पडेपर्यंतचे सगळे शहाण्णव अंक त्यांच्याकडे पत्र्याच्या पेटीत क्रमवार लावलेले होते. डोंगरावरच्या लोहाराचा मुलगा. गाव गिळत चाललेल्या धुक्याशी लढायला बापाने त्याला भट्टीत पंख घडवून दिले. पण मास्तर ज्याच्यावर भाळले ती गोष्ट वेगळीच. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर लोहपंख कुठल्याशा कठड्यावर बसून पंखांच्या बावीस सांध्यांना तेल घाली. इतर पोरांना ते पान म्हणजे फुकट गेलेले पान वाटे. मास्तरांना ते पाठ होते. तंत्रनिकेतनात नाव घातले, ते त्या पानापायीच, असे ते स्वतः सांगत.

त्यांचा मुलगा त्याच अंकांवर वाढला. मास्तर वाचत आणि तो आवाज काढी: लोहाराचा, धुक्याचा, पंखांच्या कुरकुरीचासुद्धा. गल्लीतल्या कोणाचीही नक्कल हुबेहूब करतो म्हणून त्याचे नाव राघू पडले आणि तेच टिकले. मोठेपणी त्याने आवाजाचाच धंदा केला. परक्या भाषेतल्या चित्रपटांना तो आपल्या भाषेत बोलते करी. लोहपंखावर परदेशात प्रचंड खर्चाचा चित्रपट बनतो आहे आणि आपल्या भाषेतला लोहपंख आपण बोलणार आहोत, हे त्याने फोनवर सांगितले, तेव्हा मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

त्यानंतर फुप्फुसांचा आजार निघाला. राघू जाऊन आता आठ महिने झाले होते.

चित्रपट सुरू झाला. कड्याच्या टोकावर लोहपंख उभा राहिला, पंख उलगडू लागले, आणि मास्तर बोटांवर मोजू लागले. एक, दोन, पाच, अकरा… "बावीस!" ते मोठ्याने म्हणाले. "सगळे दाखवलेत!" शेजारची मुलगी हसली, पण मास्तरांना भान नव्हते. पन्नास वर्षे कागदावर निपचित पडलेली वस्तू त्यांच्या डोळ्यांदेखत हलत होती. भट्टी चुकून उजवीकडे दाखवली होती, डाव्या हातातला पट्टा गायब होता. हे त्यांनी मनात टिपले आणि सोडून दिले. छाती भरून आली होती.

मग लोहपंख बोलला.

"उंची मोजू नका. वारा मोजा."

राघू. तोच भरदार, तेलपाणी केल्यासारखा आवाज. मास्तरांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. आठ महिने जे घरात नव्हते ते डोक्यावरच्या कर्ण्यातून उतरत होते. सातव्या वाक्यापर्यंत त्यांनी श्वाससुद्धा हळूच घेतला.

आठवे वाक्य आले, "मी थकलेलो नाही," आणि मास्तरांच्या मानेवर काटा उभा राहिला. तो आवाज राघूचा नव्हता. ढब त्याची, उच्चार त्याचे, पण तळाशी खरखर होती. राघूचा सदरा अंगात घालून कोणी परका आपल्या घरात हिंडतो आहे, असे त्यांना वाटले. त्यानंतर तो परका अधूनमधून येतच राहिला. दहा वाक्ये राघूची, मग दोन त्याची. पुन्हा पाच राघूची, पुन्हा एक त्याची.

मध्यंतरात मास्तरांनी हिशेब जुळवला: काम अर्धवट राहिले असणार, आणि उरलेली वाक्ये कोणातरी नकलाकाराकडून उरकून घेतली असणार. राग आला, पण समजण्यासारखे होते.

उत्तरार्धात लोहपंख शेवटच्या लढाईला निघतो. म्हातारा लोहार ऐरणीशी बसलेला. मूळ अंकात, एकसष्टाव्या, लोहपंख नुसता म्हणतो, "निरोप द्या." चित्रपटात तो दाराशी थबकला, मागे वळला आणि म्हणाला:

"दार लोटून ठेवा. कडी लावू नका. मी येतोच."

हे वाक्य लोहपंखाचे नव्हतेच. काम लांबले की राघू फोनवर हेच म्हणायचा, याच क्रमाने, 'येतोच'वर असाच जरा भर देऊन.

दिवे लागले तरी मास्तर जागचे हलले नाहीत. शेजारच्या मुलीने विचारले, "काका, कसा वाटला?"

"पंख उत्तम," मास्तर म्हणाले. सवयीने त्यांचा आवाज तपासनिसाचा झाला. "पण अडीच तासांत एकदाही तेल घातलं नाही. अहो, हा तिसऱ्या उड्डाणातच जाम होऊन खाली यायला पाहिजे!"

पोरे खो खो हसली. "आणि आवाज, काका? आवाज काय भारी दिलाय ना?"

"आवाज," मास्तर थांबले. "आवाज तपासावा लागेल."

घरी बायको स्वयंपाकघराच्या ओट्याशी पाठमोरी उभी होती. चित्रपटाला ती आली नव्हती. 'मला नाही बघायचं त्याला उडताना,' एवढेच म्हणाली होती. आता तिने मागे न वळता विचारले, "आहे का हो तो त्यात?"

"आहे."

"पुष्कळ आहे?"

"बराचसा आहे. मध्ये मध्ये दुसरा कोणीतरी घुसडलाय, पण आपला कोण ते ओळखू येतं." मग त्यांनी तिला ते वाक्य सांगितले, जसेच्या तसे.

तिच्या हातातले पातेले ओट्यावर टेकले. मग ती पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत गेली आणि दाराची कडी काढून दार नुसते लोटून आली.

त्या दिवसापासून रोज तिन्हीसांजेला ती तसे करू लागली. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांची मांजर आत शिरून दुधाचे भांडे चाटूनपुसून गेली, तेव्हा मास्तर म्हणाले, "अगं, निदान दुधावर तरी झाकण ठेव."

"ठेवीन. दार राहू दे."

वाऱ्याने दार जरा हलले की दोघांच्या माना एकदम वर होत. दार आपले आपण थांबे. दोघे पुन्हा ताटाकडे बघत. एकमेकांकडे बघणे ते टाळत, कारण समोरच्याच्या चेहऱ्यावर आपलाच चेहरा दिसेल, हे दोघांनाही ठाऊक होते.

मास्तरांनी एक शंभर पानी वही घेतली आणि पुढच्या बारा दिवसांत तो चित्रपट आणखी पाच वेळा पाहिला. खेळ नेहमी सकाळचा, खुर्ची नेहमी एकच, उजव्या कर्ण्याखालची. पहिल्या दोन खेळांत त्यांनी लोहपंखाची सगळी वाक्ये क्रमांक घालून उतरवली. ती एकशे शहाऐंशी भरली. पुढच्या तीन खेळांत डोळे मिटून प्रत्येकाची परीक्षा घेतली. गुळगुळीत असेल तर बरोबरची खूण. खरखर असेल तर फुली.

दाराशी तिकिटे फाडणारा मिशीवाला आता त्यांना ओळखू लागला होता. "काय काका, परत? पडदा झिजवताय की काय?"

"तपासणी चालू आहे."

"कसली?"

"आवाजाची."

"मग आमच्या त्या डावीकडच्या कर्ण्याचंही बघा जरा," मिशीवाला म्हणाला. "वर्षभर साहेबांच्या मागे लागलोय, फाटलाय म्हणून. कोणी ऐकेल तर शपथ."

तपासणी संपली तेव्हा वहीत एकशे एकोणचाळीस बरोबरच्या खुणा आणि सत्तेचाळीस फुल्या होत्या. दाराच्या वाक्यापुढे बरोबरची खूण होती, आणि तिच्याखाली मास्तरांनी दोन रेघा ओढल्या होत्या. पण मन स्वस्थ होईना. कारखान्यात फुली मारली की तो पंप कोणी जोडला, कोणत्या दिवशी जोडला, हे नोंदवल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. हा सत्तेचाळीस वाक्यांचा परका कोण? आणि ज्या वाक्यासाठी बायको रोज दार लोटून ठेवते, ते राघूचेच, हे कोणीतरी कागदावर दाखवायला हवे होते. नुसत्या कानाच्या भरवशावर मास्तरांनी आजवर पुष्कळ काही पक्के केले होते. हे एक करवत नव्हते.

चित्रपटाच्या अखेरीस नावांच्या पाटीत ध्वनिमुद्रणाची जागा दिलेली होती. मास्तरांनी फोन केला आणि २१ फेब्रुवारीला, दुपारी तीन वाजता, वही पिशवीत घालून तिथे गेले.

ध्वनिमुद्रक बाई पन्नाशीच्या होत्या. गळ्यात हेडफोन अडकवलेला, चष्मा कपाळावर. भिंतींना जाड गाद्या लावलेली ती खोली इतकी बंद होती की मास्तरांना स्वतःच्या कानातले रक्त ऐकू येऊ लागले. बाईंनी पुढे केलेले पाणी त्यांनी घेतले, वही उघडली आणि कामाचे बोलणे काढले.

"माझ्या तपासणीप्रमाणे एकशे एकोणचाळीस वाक्यं माझ्या मुलाची आहेत. उरलेली सत्तेचाळीस कोणाची, एवढं नाव सांगा."

बाईंनी वही हातात घेतली. एक पान, दुसरे पान. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"काका, हे तुम्ही कानाने केलंत?"

"अडतीस वर्षं तेच केलं."

"म्हणजे कान अफाटच आहे तुमचा. खरंच." बाईंनी वही मांडीवर पालथी ठेवली. "पण काका, हे उलटं आहे."

"उलटं म्हणजे?"

बाईंनी फडताळातून कागदांची चळत काढली. प्रत्येक कागदावर तारीख, वेळ, वाक्यांचे क्रमांक आणि तळाशी राघूची सही. तीन बैठका. पहिलीत एकोणीस वाक्ये, दुसरीत चौदा, तिसरीत आठ. "एकेचाळीस," बाई म्हणाल्या. "तेवढीच झाली. चौथ्या बैठकीला गाडी पाठवली होती, ती रिकामी परत आली."

"मग बाकीची?"

"बाकीची संगणकाने तयार केली. त्याच्या आजाराआधीच्या आवाजावरून. चोरून नाही हो. त्याने स्वतः सही करून दिली. जुनी मुद्रणंही त्यानेच आणून दिली. म्हणाला, काम अर्धं सोडून जायची आमच्या घरात पद्धत नाही."

बाईंनी एक कळ दाबली. खोलीत राघूचा आवाज उमटला. *मी थकलेलो नाही.* तळाशी तीच खरखर. मास्तरांनी वही ओढून घेतली आणि क्रमांक पाहिला. आठ. पुढे फुली. बाईंनी दुसरे वाक्य लावले. एकतीस. फुली. तिसरे. त्रेचाळीस. फुली. एकेचाळीसच्या एकेचाळीस वाक्यांपुढे मास्तरांच्या सुबक अक्षरात फुल्या होत्या. उरलेल्या सहा फुल्या यंत्राच्या वाक्यांवर पडल्या होत्या. ती धुक्याच्या प्रसंगातली, मुद्दाम घोगरी केलेली.

"आणि दाराचं?" त्यांनी विचारले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "एकशे अठ्ठावन्नावं?"

बाईंनी कागद चाळण्याचे नाटकसुद्धा केले नाही. "ते यंत्राचं, काका. पण शब्द त्याचे. मूळ संहितेत 'निरोप द्या' होतं. त्याने पेन्सिलने खोडून हे लिहिलं. म्हणाला, हे मी शेवटी म्हणेन, दम चांगला असेल त्या दिवशी." त्यांनी कागद पुन्हा जुळवले. "तो दिवस आला नाही."

मास्तर उठले. दारापर्यंत गेल्यावर ते वळले. "माझ्याबद्दल काही बोलायचा का?"

बाईंनी कपाळावरचा चष्मा काढून हातात धरला. सांगावे की नाही, हे त्या ठरवत होत्या. मग म्हणाल्या, "हसत हसत म्हणायचा हो. म्हणायचा, हा आवाज बाबांनी ऐकला तर फुली मारतील."

परतताना मास्तर बसमध्ये बसले आणि आपला थांबा सोडून चार थांबे पुढे गेले. परत चालत येताना त्यांना ती अकरा आठवड्यांची गोष्ट आठवू लागली, जी त्यांनी आठ महिने आठवू दिली नव्हती.

राघूला घरी आणले त्या संध्याकाळी ते आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभे होते. राघू पलंगावर झोपलेला, आई उशाशी. चार हातांवरून, सळईशिवाय, मास्तरांना त्याच्या छातीतली खरखर ऐकू आली. चिरेची जागा, खोली, किती फेरे उरलेत: सारे त्यांना तिथल्या तिथे कळले. डॉक्टरांना कळायला पुढे तीन आठवडे लागले. त्यानंतर मास्तर रोज त्या खोलीत जात, पण उंबऱ्यावरून. आत पाऊल टाकण्याआधी मोठ्याने बोलू लागत: जेवलास का, पंखा वाढवू का, आज अमुक म्हणाला, तमुक म्हणाला, आणि राघूने उत्तराला तोंड उघडताच "असू दे, असू दे, आराम कर," म्हणून बाहेर पडत. बाहेरच्या खोलीत दिवसभर रेडिओ लावून ठेवत. अकरा आठवडे तो आवाज त्यांच्या बायकोने ऐकला, रात्रंदिवस, छातीला कान लावून. मास्तरांनी तो एकदाच ऐकला होता आणि फुली मारून ठेवली होती.

म्हणूनच चित्रपटातला परका त्यांना परका वाटला. तो आवाज त्यांच्या ओळखीचाच नव्हता. तो ओळखीचा होऊ नये, अशी तजवीज त्यांनी स्वतःच केली होती.

घरी आले तेव्हा दिवेलागण झालेली. दार लोटलेले. बायको म्हणाली, "झालं काम?"

"झालं."

"सापडला तो दुसरा?"

मास्तरांनी चपला जागच्या जागी लावल्या, पिशवी खुंटीला अडकवली. "सापडला," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

तीन दिवस त्यांनी असेच काढले. खोटा दाखला त्यांनी आयुष्यात दिला नव्हता, आणि हा, दाराच्या वाक्याचा, तर दिलेलाच होता. रोज संध्याकाळी तो दाराच्या फटीतून आत बघत होता. त्यात दुपारी डोळा लागला की दाराशी कोणीतरी म्हणे, *मी येतोच*, गुळगुळीत, निरोगी, आणि मास्तर दचकून उठत. पूर्वी त्या आवाजाने त्यांचा जीव भरून येई. आता अंगात गारठा भरे, कारण बोलणाऱ्याला छातीच नव्हती.

चौथ्या दिवशी मिशीवाल्याचा फोन आला. परवापासून चित्रपट उतरणार, उद्या सकाळचा खेळ शेवटचा. "म्हटलं, तपासणी राहिली असेल तर सांगावं."

मास्तर स्वयंपाकघरात गेले. "अगं, उद्या माझ्याबरोबर चल."

"मी नाही म्हटलंय ना एकदा?"

"म्हटलंयस. पण ते दाराचं वाक्य…" मास्तरांनी ओट्याच्या कडेला हात टेकला. "माझा कान चुकला असेल. तू ऐकून सांग."

ती वळली. चाळीस वर्षांच्या संसारात 'माझा कान चुकला' हे शब्द तिने या तोंडून ऐकले नव्हते. तिने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिले, एखाद्याला ताप आहे का ते पाहावे तसे.

"किती वाजता असतो?" तिने विचारले.

२५ फेब्रुवारीच्या त्या शेवटच्या खेळाला प्रेक्षक नऊ होते. मिशीवाल्याने दोघांना उजव्या कर्ण्याखाली आणून बसवले आणि त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. मास्तरांनी वही आणली होती, पण ती उघडली नाही.

"काय करायचं मी?" बायकोने विचारले.

"काही नाही. तो बोलला असं वाटलं की माझ्या मनगटावर बोट ठेव."

"तो म्हणजे राघू?"

"राघू."

चित्रपट सुरू झाला. पंख उलगडले, मास्तरांनी सांधे मोजले नाहीत. *उंची मोजू नका. वारा मोजा.* तिचे बोट हलले नाही. दुसरे वाक्य, तिसरे, चौथे. मास्तर समोर बघत होते. तिने प्रश्नार्थक चेहरा त्यांच्याकडे केला. त्यांनी मान वळवली नाही.

*मी थकलेलो नाही.*

तिची पाचही बोटे त्यांच्या मनगटावर आवळली. "अगं बाई," ती म्हणाली, मोठ्यानेच. पुढच्या रांगेतल्या एकाने मागे वळून पाहिले. "अहो, हा बघा. हा आहे."

"हो," मास्तर म्हणाले.

एकतीसला तिचे बोट टेकले. त्रेचाळीसला टेकले. मास्तर मनात मोजत गेले आणि प्रत्येक खेपेला, बोट टेकले की, डोळे मिटून त्या खरखरीत शिरत गेले. पहिल्या काही वाक्यांना त्यांना बाहेर पडावेसे वाटले, उंबऱ्यावरून फिरावे तसे. मग हळूहळू त्यांना तिच्यात काय काय आहे ते ऐकू येऊ लागले: श्वास कुठे तुटला आणि त्याने तो शब्दाच्या पोटात कसा लपवला, दम पुरवण्यासाठी कुठली मात्रा आखूड केली, एका विनोदी वाक्याशेवटी खोकला येत असताना त्याने तो लोहपंखाच्या हसण्यात कसा घालून टाकला. ही कारागिरी होती, आणि तिच्यावर त्यांनी फुली मारली होती.

एकशे अठ्ठावन्नावे वाक्य आले. लोहपंख दाराशी थबकला. *दार लोटून ठेवा. कडी लावू नका. मी येतोच.*

मास्तर वाट बघत राहिले. मनगटावर काही टेकले नाही. पडद्यावरचे दार लोटले गेले, लोहार एकटा राहिला, आणि मग ती त्यांच्या कानाशी वाकली.

"बोलणं त्याचं आहे. आवाज कोणाचा?"

"यंत्राचा," मास्तर म्हणाले. "मला शुक्रवारीच कळलं. तुला सांगवेना."

ती सरळ होऊन बसली. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा पांढरा दिसत होता. मास्तरांना वाटले, ती आता उठेल. ती उठली नाही. थोड्या वेळाने एकशे त्रेसष्टाव्याला तिचे बोट पुन्हा टेकले, आणि पुढे टेकत राहिले. शेवटची लढाई संपेपर्यंत एकेचाळीस झाले. ध्वनिमुद्रक बाईंच्या कागदांशी तंतोतंत. एकही कमी नाही, एकही चुकीचे नाही.

आता लोहपंखाला एकही वाक्य उरले नव्हते. जखमी पंख ओढत तो कडा चढत होता. संगीत थांबले होते. नुसता वारा, आणि वाऱ्याखाली एक श्वास: आत घेतलेला, मध्येच अडकलेला, अंमळ थांबलेला, मग सोडलेला.

तिचे बोट टेकले.

"हे वाक्य नाही," मास्तर कुजबुजले. "कागदावर हे नाही."

"कागदावर नसेल," ती म्हणाली. "अकरा आठवडे मोजलाय मी हा. इथे अडकायचा आणि मी पाठीवरून हात फिरवला की सुटायचा."

मास्तरांनी वही उघडली. पडद्याच्या उजेडात त्यांनी शेवटच्या पानावरच्या सत्तेचाळीस फुल्यांच्या बेरजेवर एकच आडवी रेघ ओढली, खाली तारीख घातली आणि आकडा लिहिला.

राघूचे : ४२.